चोराला झोप लागू नये : ग्रीक-रोमन लोकांनी शिशाच्या पत्र्यावर लिहिलेले शाप

आजोळची_वाट

मागच्या महिन्यात आई इकडे आली होती, तिला घेऊन इंग्लंडमधल्या बाथ गावी गेले. रोमन काळातली स्नानगृहं, हिरवट गरम पाण्याचं कुंड, त्यावरची वाफ, दगडी फरशा, सगळं बघून झालं, फोटो झाले. आत म्युझियममध्ये एका काचेमागे लहान लहान काळपट पत्रे लावलेत, काही चुरगळलेले, काही कडा तुटलेले. लोक तिथून पटकन पुढे सरकतात कारण लांबून त्यात बघण्यासारखं काही वाटतच नाही. आई थांबली. म्हणाली, यावर कुणीतरी काहीतरी खरवडलंय, वाच बघू काय लिहिलंय.

मी खाली दिलेलं भाषांतर तिला मराठीत सांगितलं. ब्रुसेरसचा मुलगा डोसिलिआनस सुलिस देवीला सांगतोय की माझा टोपीचा झगा ज्याने चोरला तो पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, देवी त्याला मरण देवो, आणि तो झगा तुझ्या देवळात आणून देईपर्यंत त्याला ना झोप लागो ना मूलबाळ होवो.

आई कोकणातली. ती लगेच म्हणाली, "अगो हे तर गाऱ्हाणं घातलंय. एका झग्यासाठी सरकारदरबारी कोण विचारतंय, म्हणून देवीला सांगितलंन." मी इतकी वर्षं या विषयावर मिळेल ते वाचतेय पण एवढं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं, म्हणून घरी आल्यावर हा धागा काढायचं ठरवलं.

थोडी माहिती आधी देते. बाथचं रोमन नाव आक्वे सुलिस, म्हणजे सुलिसचं पाणी. सुलिस ही तिथली जुनी, रोमन यायच्या आधीपासूनची देवी, रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडलं आणि ती सुलिस मिनर्व्हा झाली. झऱ्यातून आजही रोज अकरा लाख लिटरहून जास्त पाणी येतं, साधारण ४६ अंश गरम. १९७९-८० मध्ये बॅरी कनलिफ यांनी त्या झऱ्यात उत्खनन केलं तेव्हा चिखलातून नाणी, भांडी आणि हे शिसं मिसळलेल्या धातूचे पत्रे निघाले, साधारण १३०. रॉजर टॉमलिन यांनी ते एकेक करून वाचले. वाचले म्हणणं सोपं आहे हो, पण पत्रा गुंडाळलेला, शेकडो वर्षं पाण्यात पडलेला, अक्षरं घाईत लिहिलेल्या रोमन वळणाची, आणि काहींनी तर मुद्दाम उलट लिहिलेलं, शब्द उलटे किंवा अख्ख्या ओळी उलट्या.

आणि जवळजवळ सगळी गाऱ्हाणी चोरीची! डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तो मागतोय की चोराची बुद्धी आणि डोळे जावोत. सोलिनस अंघोळीला गेला तर त्याचे अंघोळीचे कपडे आणि वरचा झगा गेला. बासिलिया नावाच्या बाईची चांदीची अंगठी गेली, तिने चोरालाच नाही तर ज्याला माहीत असूनही गप्प बसलाय त्यालाही शाप दिलाय, त्याच्या रक्तात, डोळ्यांत, एकेका अवयवात. आनिआनसच्या थैलीतून सहा चांदीची नाणी गेली, त्याने पत्र्यावर संशयितांची अठरा नावं लिहिली आणि चोर कुणीही असो म्हणताना लिहिलं, ख्रिस्ती असो वा नसो. म्हणजे गावात नवा धर्म आलाय हे या सहा नाण्यांच्या भांडणातून कळतं.

पुस्तकांत रोमन इतिहास म्हणजे सीझर, लढाया, सेनेट. इथे हातमोजे हरवलेला माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतोय. मला वाटतं या पत्र्यांना काळी जादू म्हणून बाजूला टाकणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. ज्याचं म्हणणं ऐकून घ्यायला कुणी नव्हतं त्याचा तो अर्ज होता. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

चहाबिस्कीट

ताई खूपच छान लिहिलंय, आईंचं वाक्य तर फारच आवडलं. पण एक प्रश्न, एका झग्यासाठी डायरेक्ट मरण? मूलबाळ होऊ नये? हे जरा जास्तच नाही का वाटत?

आजोळची_वाट

मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. पण झगा म्हणजे आपल्या कपाटातला पाचवा स्वेटर नव्हे. सूत कातण्यापासून सगळं हाताने, ब्रिटनचा हिवाळा, आणि बहुतेकांकडे असा जाड झगा एकच असणार. स्नानगृहात कपडे काढून ठेवायचे आणि आत जायचं, पैसेवाल्यांचा गुलाम बाहेर कपड्यांवर लक्ष ठेवत बसे, ज्याच्याकडे गुलाम नाही त्याचे कपडे देवाच्या भरवशावर. गावात पोलिस असा प्रकारच नव्हता. चोर शोधायचा तुम्ही, पकडायचा तुम्ही, कोर्टात आणायचाही तुम्हीच.

आणि त्यात एक युक्ती आहे ती मला फार आवडते. पुष्कळ पत्र्यांवर लिहिलंय की हरवलेली वस्तू मी देवीला दिली. म्हणजे जी वस्तू आता आपल्या हातातच नाही ती देवीच्या नावावर करून टाकायची. त्यामुळे चोराने डोसिलिआनसला लुटलं असं राहतच नाही, त्याने देवीचा माल दाबून ठेवलाय असं होतं. युली नावाच्या गावी बुध देवाचं, म्हणजे मर्क्युरीचं देऊळ होतं, तिथेही असे पत्रे निघालेत. सॅटर्निना नावाच्या बाईचं तागाचं कापड गेलं तेव्हा तिने देवाला कळवलं की वस्तू परत मिळाली तर तिसरा हिस्सा तुझा. तिने तर वर लिहिलंय की हे निवेदन आहे. निवेदन! सरकारी कागदाचाच शब्द.

अजून एक पत्रा बघा, त्यात चोरी नाहीच. उरिकालस, त्याची बायको डोसिलोसा, मुलगा, मुलगी, भाऊ, अशा घरातल्या माणसांची नावं आहेत आणि लिहिलंय की यांनी १२ एप्रिलला सुलिसच्या झऱ्याशी शपथ घेतली, यात जो खोटं बोलला असेल त्याच्याकडून देवीने रक्ताने वसूल करावं. घरात काय झालं होतं कुणास ठाऊक, पण सगळे एकत्र झऱ्यावर गेले आणि एकमेकांसमोर शपथ घेऊन घरी परतले. त्या दिवशी त्यांच्या घरी रात्रीचं जेवण कसं झालं असेल हे माझ्या डोक्यातून जात नाही.

काळा_कोट

नमस्कार. तालुका कोर्टात वकिली करतो, ग्रीक इतिहासाचा नाद कॉलेजपासूनचा. ताईंचं म्हणणं ब्रिटनच्या पत्र्यांबद्दल पटतं पण अथेन्सला गेलात तर चित्र बदलतं, तिथे अर्ज नाही तर सरळ जोरजबरदस्ती दिसते.

ग्रीक शब्द कातादेस्मोस, म्हणजे बांधून खाली टाकणं. लॅटिन शब्द देफिक्सिओ, म्हणजे खिळून टाकणं, आणि पुष्कळदा खरोखरच पत्र्यातून लोखंडी खिळा आरपार ठोकलेला असतो. असे सगळे मिळून १६०० च्या वर पत्रे आज माहीत आहेत. सगळ्यात जुने सिसिलीतल्या सेलिनस गावचे, इसवी सनाच्या आधी ५०० च्या आसपासचे, आणि त्यात कोर्टकचेरीचे शाप बरेच. मागणं काय, तर विरोधी पक्षाची जीभ बांधली जावो.

जीभच का, हे वकिलाला लगेच कळतं. अथेन्समध्ये तुमच्या वतीने भांडणारा वकील नसे, फार तर भाषण लिहून घेता येई पण उभं राहून बोलायचं मुख्यतः स्वतःच. समोर शेकडो पंच, पाण्याच्या घड्याळाने मोजलेला वेळ, आणि निकाल त्याच दिवशी. म्हणजे तुमचं घर, इभ्रत, कधी कधी जीवसुद्धा त्या थोड्या वेळात जीभ नीट चालते की नाही यावर. अशा वेळी माणूस समोरच्याची जीभ बांधायला निघाला तर नवल वाटत नाही. माझे अशील आजही निकालाच्या आदल्या दिवशी काय काय करून येतात ते मी बघतो, मी त्यांना कधी बोलत नाही.

अथेन्सच्या केरामाइकोस दफनभूमीत तळहातात मावेल अशी शिशाची पेटी सापडली, अगदी शवपेटीसारखी, तिच्यात शिशाची छोटी बाहुली, हात पाठीमागे बांधलेले, पायावर नाव कोरलंय म्नेसिमाखोस. झाकणावर आणखी नावं, आणि शेवटी असं की यांच्या बाजूने जो कुणी बोलेल किंवा साक्ष देईल तोसुद्धा. काळ इसवी सनपूर्व ४०० च्या आसपास, म्हणजे सॉक्रेटिसवर खटला चालला साधारण तेव्हाचा. तत्त्वज्ञानाचं माहेरघर म्हणून आपण ज्या शहराकडे बघतो त्याच शहरात कुणीतरी रात्री थडगं उकरून ही पेटी आत ठेवत होता.

रोमचं पण सांगतो. रोमचा नामवंत वक्ता सिसेरो, त्याने स्वतः लिहून ठेवलंय की एका खटल्यात तो टिटिनिया नावाच्या बाईच्या बाजूने बोलला, समोर क्युरिओ उत्तर द्यायला उभा राहिला आणि अख्खी केसच विसरला, आणि म्हणाला की टिटिनियाने मंत्र घातलेत. पुढे इसवी सनाच्या चौथ्या शतकात अँटिओक शहरातला (आजच्या तुर्कस्तानात) म्हातारा वक्ता लिबानिअस, त्याला बोलणं जमेना, वर्गावर जाणं होईना, तर त्याच्या वर्गाच्या खोलीत एक मेलेला सरडा सापडला, डोकं मागच्या पायांमध्ये घातलेलं, पुढचा एक पाय तोडलेला आणि दुसरा तोंडावर, जसं काही गप्प बस. तो बाहेर काढल्यावर लिबानिअस बरा झाला, हे त्याने स्वतः लिहिलंय. सुशिक्षित, नामवंत माणूस.

कोपऱ्यावरचं_दुकान

काळा कोट साहेब, कोर्टाचं सांगितलंत तर धंद्याचं मी सांगतो, माझं वडिलोपार्जित किराणा दुकान आहे त्यामुळे हा भाग वाचताना अंगावर काटा आला होता.

अथेन्सच्या बंदराजवळ, पिरेअसला, २००३ मध्ये एका थडग्यात पाच पत्रे मिळाले, इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या सुरवातीचे. चारांवर दारूचे गुत्ते चालवणाऱ्या नवरा-बायकोंची नावं, पाचवा कोरा, त्याच्यावर बहुतेक तोंडाने मंत्र म्हटला असणार. एका पत्र्यावर देमेत्रिओस आणि फानागोरा हे जोडपं आहे. लिहिणारा पाताळातल्या देवतांना सांगतो की यांच्यावर, यांच्या गुत्त्यावर, यांच्या मालमत्तेवर राग धरा, मी यांना रक्तात आणि राखेत बांधतो, सगळ्या मेलेल्यांसोबत. आणि पुढे काय, तर देमेत्रिओस तुझ्या जिभेवर मी कुत्र्याचा कान आपटतो. आता कुत्र्याचा कान म्हणजे फाशांच्या खेळातला सगळ्यात वाईट डाव. गुत्त्यात रात्रंदिवस फासे पडणार, त्यामुळे शापातसुद्धा तीच भाषा आली. हे वाचलं की लिहिणारा त्याच धंद्यातला, शेजारच्याच गल्लीतला असणार असं वाटतं. रोज समोरून जाताना रामराम करत असणार तो देमेत्रिओसला.

अथेन्सच्या बाजारपेठेत अजून एक प्रकार सापडलाय, मातीचं मडकं, आत कोंबडीची हाडं आणि एक नाणं, बाहेरून सगळीकडे नावं कोरलेली, पंचावन्नच्या वर, आणि मडक्यात लोखंडी खिळा ठोकलेला. सापडलं कुठे तर कारागिरांच्या इमारतीत, जमिनीखाली. पन्नास माणसांशी वैर! मला तर त्या माणसाची कीवच आली, धंद्यात किती एकटा पडला असेल तो.

निळी_शाई

हे सगळं शिशावरच का पण? तांब्यावर किंवा मातीवर का नाही?

काळा_कोट

स्वस्त होतं म्हणून आधी. अथेन्सजवळ लाव्हरिओनच्या खाणीत चांदी काढताना शिसं ढिगाने निघायचं. मऊ असतं, टोकदार कशानेही लिहिता येतं, गुंडाळता येतं. आणि मग त्या स्वस्त धातूचा गुणधर्मच मंत्र झाला, काही पत्र्यांवर तसं लिहिलेलंच आहे की हे शिसं जसं थंड आणि निरुपयोगी तसे अमक्याचे शब्द थंड आणि निरुपयोगी होवोत. पत्रा टाकायचा तो विहिरीत, झऱ्यात किंवा अकाली गेलेल्याच्या थडग्यात, कारण वेळेआधी मेलेला जीव शांत नसतो, तो निरोप घेऊन खाली जातो अशी समजूत.

बांधावरून

माझा आवडता किस्सा कुणी सांगितला नाही अजून म्हणून मी लिहितो. शेती करतो, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

रोमचा सगळ्यात जुना लिखित कायदा म्हणजे बारा पाट्या, इसवी सनपूर्व ४५० च्या आसपासचा. त्यात चक्क कलम होतं की मंत्र घालून दुसऱ्याच्या शेतातलं पीक आपल्याकडे ओढायचं नाही. म्हणजे शेजाऱ्याला जास्त पिकलं की संशय घ्यायचा हे तेव्हापासून आहे.

तर फ्युरिअस क्रेसिमस म्हणून एक जण होता, गुलामीतून सुटलेला. जमीन लहानशी. पण पीक असं काढायचा की आजूबाजूच्या मोठ्या जमीनदारांनाही तेवढं येईना. झालं, सगळ्यांनी मिळून आळ घेतला की हा आमचं पीक मंत्राने ओढून घेतो. स्पुरिअस आल्बिनस नावाच्या अधिकाऱ्याने त्याच्यावर खटला भरला. आता विचार करा, काल-परवापर्यंत गुलाम असलेला माणूस, समोर गाववाले जमीनदार, आणि निकाल लोकांच्या मतदानाने. वाचणार कसा?

तो खटल्याच्या दिवशी शेतावरची सगळी अवजारं घेऊन चौकात आला. जड कुदळी, वजनदार फाळ, चांगली घडवलेली लोखंडी हत्यारं, पोटभर खाल्लेले बैल, आणि घरची कामाची माणसं, धडधाकट, अंगावर नीट कपडे असलेली. सगळं तिथे मांडलं आणि म्हणाला, "हे रोमकरांनो, ही माझी जादू. आणि माझ्या रात्रीच्या जागरणी, पहाटेचं उठणं आणि घाम, हे मला इथे आणून दाखवता येत नाही." सगळ्यांनी एकमताने सोडलं त्याला. प्लिनी या रोमन लेखकाने हे लिहून ठेवलंय.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडील आठवले. एका वर्षी आमचा ऊस चांगला आला तेव्हा गावात काय काय बोललं गेलं ते मी लहान असताना ऐकलंय. वडिलांनी कुणाला उत्तर दिलं नाही, पण अवजारं धुऊन पुसून ओसरीवर दिसतील अशी ठेवायचे. आता वाटतं त्यांचं तेच उत्तर होतं.

निळी_शाई

दादा, हे वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच.

पाटीवरची_अक्षरं

बांधावरून यांचा प्रतिसाद मनापासून आवडला आणि त्यामुळेच मूळ धाग्याशी मला थोडं भांडायचंय. आजोळची_वाट, तुम्ही म्हणता हा गरिबाचा अर्ज. पण या अर्जाची दुसरी बाजू क्रेसिमसने भोगली, आणि तो सुटला हे त्याचं नशीब. सगळे सुटले नाहीत. मी शाळेत शिकवते आणि जादूटोणाविरोधी कायद्याच्या प्रचाराचं काम २०१३ पासून करते, चेटकीण ठरवलेल्या बायका मी समोर बसून ऐकल्यात, त्यामुळे या विषयात मला नुसतं कुतूहल वाटू शकत नाही.

लेम्नोस बेटावरची थेओरिस नावाची बाई होती, मंत्र आणि औषधं दिली म्हणून अथेन्सने तिला ठार मारलं, तिच्या सगळ्या कुटुंबासकट. तेच अथेन्स जिथे पुरुष एकमेकांच्या जिभा बांधत होते. त्यांचे पत्रे थडग्यात सुखरूप राहिले आणि मारली गेली बाहेरगावची बाई.

रोममध्ये लहान मुलाच्या थडग्यावरचा लेख आहे, युकुंडस नाव, राजघराण्यातल्या लिव्हियाचा गुलाम. चौथ्या वर्षात गेला. त्या दगडावर तो मुलगाच बोलतो, की चेटकिणीच्या क्रूर हाताने मला ओढून नेलं, आईबापांनो आपली मुलं सांभाळा. मूल कशाने गेलं असेल? ताप असेल, जुलाब असतील, त्या काळात मुलं जायचीच. पण आईबापांना कारण हवं असतं. त्यांच्या दुःखाबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण हा दगड उभा राहिला तेव्हा आसपासच्या कुठल्या तरी म्हातारीकडे लोक बघायला लागले असतील ना?

आणि तातिआसची गोष्ट. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, लिदियात, देवळाबाहेर असे दगड मिळतात ज्यावर लोकांनी देवाने केलेली शिक्षा जाहीर लिहिलीय. इसवी सन १५६-५७ चा एक आहे. तातिआस नावाच्या बाईच्या जावयाला वेड लागलं. सगळीकडे बोभाटा झाला की सासूनेच त्याला काहीतरी घातलं. तिने मग देवळात राजदंड उभा केला आणि शाप ठेवले, म्हणजे माझ्यावर खोटं बालंट घेतलंय, देवाने बघावं. नेमका तुम्ही म्हणता तसा अर्ज! पुढे तिला काहीतरी झालं, आणि तिचा मुलगा सॉक्रेटिस (तो तत्त्वज्ञ नव्हे) द्राक्षांचा कोयता घेऊन चालला होता तो त्याच्या पायावर पडला आणि तो एका दिवसात गेला. झालं, गावाने ठरवलं की देवाने निकाल दिला, तातिआस खोटी. आणि ते दगडावर कोरून ठेवलं, आज आपण वाचतोय.

तिची बाजू त्या दगडावर नाही. जावई आजारी, मुलगा गेला, आणि सगळ्याची दोषी ती. देवाकडे केलेला अर्ज असा उलटतो आणि तो बहुतेक बाईवरच उलटतो.

आजोळची_वाट

काल तुमचा प्रतिसाद वाचला आणि लगेच उत्तर द्यायचं धाडस झालं नाही. तातिआसची गोष्ट मी वाचली होती पण तिच्या बाजूने कधी वाचली नव्हती हे कबूल करते.

तरी माझं म्हणणं पूर्ण सोडवत नाही. बाथच्या डोसिलिआनसने कुणाचं नावच घेतलेलं नाही. पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, या ओळीमुळे बोट कुणा एकावर जात नाही, ते देवीवर सोडलेलं असतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. अभ्यासकांमध्ये हेंक वर्स्नेल यांनी हाच भेद मांडलाय, न्यायासाठीची प्रार्थना वेगळी आणि बांधून टाकणारा शाप वेगळा. गुत्तेवाल्यांना शाप देणारा देमेत्रिओसचं काय चुकलं ते सांगतच नाही, त्याला फक्त तो आडवा झालेला हवाय. झगेवाला काय गेलं ते सांगतो, स्वतःचं नाव सांगतो, आणि परत दिलं तर शाप सुटेल असंही म्हणतो.

पण आनिआनसने अठरा नावं लिहिली, त्यातली निदान सतरा निर्दोष असणार. तिथे तुमचंच बरोबर.

पाटीवरची_अक्षरं

नाव न लिहिलेला पत्रा आणि नाव लिहिलेला पत्रा हा भेद मला मान्य आहे. वर्गात सांगताना मी तो वापरीन.

मोगरा_दारचा

प्रेमासाठीचे पण होते ना? कुणीच बोलत नाहीये त्याबद्दल.

काळा_कोट

होते, आणि ते वाचायला जड जातात. पॅरिसच्या लूव्रमध्ये इजिप्तहून आलेली बाईची मातीची छोटी मूर्ती आहे, हातपाय मागे बांधलेले, अंगात तेरा सुया टोचलेल्या, सोबत शिशाचा पत्रा. सारापाम्मोन नावाच्या माणसाला प्टोलेमाइस ही बाई हवीय, त्यासाठी तो मागतो की ती खाऊ-पिऊ शकू नये, माझ्याकडे येईपर्यंत तिला चैन पडू नये. आणि हा एकट्याच्या डोक्यातून निघालेला प्रकार नव्हे, सुया कुठे टोचायच्या आणि टोचताना काय म्हणायचं याची पद्धत सांगणारी जादूची पोथी इजिप्तमध्येच पपायरसवर सापडलीय, इसवी सनाच्या चौथ्या शतकातली. त्यात माणसाची ओळख आईच्या नावाने द्यायची असते, अमकीचा मुलगा, अमकीची मुलगी. एरवी कागदोपत्री बापाचं नाव चालायचं, इथे आईचं.

त्याला प्रेम म्हणायला माझं मन धजत नाही. त्यापेक्षा मॅसिडोनियात पेल्लाला सापडलेला पत्रा बघा, इसवी सनपूर्व चौथ्या शतकातला, एका बाईने लिहिलेला. थेतिमा आणि दिओनिसोफोन यांचं लग्न तिला बांधून टाकायचंय, तो माझ्याशिवाय कुणाशी लग्न न करो, माझ्यासोबतच म्हातारा होवो असं ती मागते. पत्रा तिने एका मेलेल्याच्या हवाली केला आणि लिहिलं की मी पुन्हा उकरून, उलगडून वाचेपर्यंत हे असंच राहो. तिने तो कधीच उकरला नाही. १९८६ मध्ये उत्खननात निघाला, आणि मॅसिडोनियाचे लोक कसं बोलत याचा फार मोलाचा पुरावा ठरला.

मोगरा_दारचा

बापरे. माझ्यासोबतच म्हातारा होवो. यावर काय बोलायचं.

दगडधोंडे

आपल्याकडचं एक जोडतो, कोकणात फिरताना गद्धेगाळ नावाचे जुने कोरीव दगड बघितलेत ना? वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढवाचं ते चित्र. दान दिलेली जमीन जो हडपेल त्याला ती शिवी. तो पण शापच, पण राजाने किंवा सामंताने दिलेला, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा. बाथचा पत्रा त्याच्या अगदी उलट, सामान्य माणसाचा आणि गुंडाळून पाण्यात टाकलेला, देवीशिवाय कुणी वाचू नये म्हणून. हा फरक मला धागा वाचता वाचता जाणवला म्हणून लिहिला.

चहाबिस्कीट

नजर लागणं वगैरे पण होतं का त्यांच्यात? आमच्याकडे आजी अजून मीठमोहऱ्या उतरवून टाकते.

निळी_शाई

भरपूर होतं. ग्रीकात त्याला बास्कानिया म्हणत. रोमन मुलांच्या गळ्यात बुल्ला नावाचा ताईत, मुलग्यांच्या. नजर लागू नये म्हणून छातीवर तीनदा थुंकायचं, हे ग्रीक कवितेतसुद्धा येतं. अँटिओकजवळच्या एका घरातल्या फरशीवर मोठा डोळा काढलाय आणि त्याच्यावर त्रिशूळ, साप, विंचू, कुत्रा, कावळा सगळे तुटून पडलेत. आणि मे महिन्यात लेमुरिया हा भुताखेतांना घालवायचा सण असायचा, त्या रात्री घरच्या कर्त्याने अनवाणी उठायचं, हात धुवायचे, आणि मागे न बघता पाठीमागे काळे वाल टाकत नऊ वेळा म्हणायचं की या वालांनी मी मला आणि माझ्या माणसांना सोडवतो. मागे न बघणं! आमच्याकडे पण उतारा टाकून येताना मागे बघू देत नाहीत, लहानपणी मी एकदा बघितलं तर आत्याने अशी धरून आणली होती.

प्लिनीने सरळ लिहिलंय की शापाने बांधलं जाण्याची भीती वाटत नाही असा माणूसच नाही. तो स्वतः जादूगारांवर टीका करणारा, तरी हे लिहितो.

बांधावरून

ताई, एक विचारायचं राहिलं. हे पत्रे लिहायचं कोण? म्हणजे ज्याला लिहिता येत नाही त्याने काय करायचं? माझी आजी अंगठा लावायची म्हणून विचारतो.

आजोळची_वाट

फार चांगलं विचारलंत दादा. बाथच्या पत्र्यांवरची हस्ताक्षरं वेगवेगळी आहेत, त्यामुळे पुष्कळांनी स्वतःच लिहिलेलं दिसतं. मजकुराचा साचा सगळ्यांना तोंडपाठ असणार, पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, आपल्याकडे गाऱ्हाणं जसं ठरलेल्या शब्दांत घालतात तसं. शुद्धलेखनाच्या चुकाही आहेत, आणि त्या चुकांमुळेच ब्रिटनमध्ये तेव्हा लॅटिन कसं बोलायचे ते कळतं.

आणि काही पत्रे असे आहेत की त्यावर अक्षर एकही नाही. लांबून बघितलं तर लिहिल्यासारखं वाटतं, ओळी आहेत, उभे-आडवे फटकारे आहेत, जवळ जाऊन बघितलं की कुठल्याच लिपीतलं काही नाही. लिहिता न येणाऱ्या माणसाने लिहिण्याची नक्कल केलीय. एक फटकारा, त्याच्या शेजारी दुसरा, ओळ संपली की खाली येऊन पुन्हा तसेच, आणि मग पत्रा झऱ्यात.

त्यातलं काय गेलं होतं, झगा की अंगठी की नाणं, ते कुणालाच वाचता येणार नाही. आईला मी हे सांगितलं तर म्हणाली, "देवीक वाचूक येता ता."